आयरिश भाषेचे डग्लस हाइड : चळवळ, सिनेट आणि राष्ट्राध्यक्षपद

निशिगंध
मागे भाषाधोरणाच्या धाग्यावर आयर्लंडचा विषय निघाला होता. ‘स्वतःचं राज्य आलं तरी त्यांची भाषा काही वाचली नाही’ एवढ्यावर चर्चा थांबली. मला तो निकाल फार घाईचा वाटला, पण तिथे अवांतर नको म्हणून गप्प राहिले. आज सवडीने डग्लस हाइड यांच्याबद्दल लिहिते आहे. भाषेची चळवळ उभारणारा माणूस सत्तेच्या जवळ जातो तेव्हा भाषेच्या पदरात काय पडतं, हे त्यांच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हाइड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० चा, रॉसकॉमन परगण्यातल्या कॅसलरेचा. वडील अँग्लिकन पाद्री. म्हणजे घर प्रोटेस्टंट, इंग्रजी बोलणारं आणि आसपासच्या कॅथलिक कुळांच्या वरच्या पायरीवरचं. १८६७ मध्ये कुटुंब फ्रेंचपार्कला आलं. आजारपणामुळे शाळा सुटली, वडिलांनी घरीच शिकवलं आणि बाकीचा वेळ हा मुलगा रानात हिंडायचा. शिकारीच्या रानाचे राखणदार शेमस हार्ट आणि गावातली म्हातारी माणसं यांच्याकडून त्याने आयरिश उचलली.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. सगळ्यात मोठा घाव बसला तो आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागावर. मागे उरलेले आईबाप मुलांशी मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत बोलू लागले होते, कारण बोटीने अमेरिकेला गेल्यावर तीच उपयोगी पडणार. आणि अशा वेळी पाद्र्याचा मुलगा ती टाकून दिलेली भाषा शिकायला त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसतो! त्याने डायरीही आयरिशमध्ये लिहायला घेतली. लेखनाचे नियम माहीत नव्हते, म्हणून कानाला जसं ऐकू येईल तसं इंग्रजी स्पेलिंगच्या धर्तीवर उतरवलं. १८७५ मध्ये हार्ट वारले तेव्हा पंधरा वर्षांच्या हाइडला जवळचा माणूस आणि भाषेचा गुरू दोन्ही एकदम गेल्यासारखं झालं.

पुढे डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज. धर्मशास्त्र शिकले पण पाद्री झाले नाहीत, मग कायद्याची डॉक्टरेट घेतली. ‘अन क्रीवीन ईविन’ या टोपणनावाने आयरिश कविता लिहिल्या, लोककथा आणि लोकगीतं गोळा केली. २५ नोव्हेंबर १८९२ ला त्यांनी डब्लिनमध्ये एक भाषण दिलं, विषय होता आयर्लंडच्या अंगावरचं इंग्रजीपण उतरवण्याची गरज. आपण इंग्रजांचा द्वेष करतो आणि नक्कलही त्यांचीच करतो, आणि या दोन्हीत आपलं स्वतःचं असं काही उरत नाही, हा त्यातला गाभा. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १८९३ ला, ओअन मॅकनील वगैरेंबरोबर गेलिक लीग ही आयरिश भाषा पुन्हा बोलती करण्यासाठीची संस्था स्थापन झाली आणि हाइड अध्यक्ष झाले. एक अट पहिल्यापासून होती : लीग पक्षाची नाही, पंथाची नाही. कॅथलिक, प्रोटेस्टंट, स्वराज्यवाले, ब्रिटिश राजाशी निष्ठा असलेले राजनिष्ठ, जो शिकेल त्याची भाषा.

सायकलवरून गावोगाव फिरणारे शिक्षक, रात्रीचे वर्ग, गाण्याबजावण्याच्या स्पर्धा. दहाएक वर्षांत शाखा सहाशेच्या घरात गेल्या. १९०१ मध्ये डब्लिनच्या गेइटी थिएटरात हाइड यांचं छोटं आयरिश नाटक झालं. व्यावसायिक रंगभूमीवरचं आयरिश भाषेतलं ते पहिलं नाटक. त्यात एक भटका कवी एका घरात येऊन तिथल्या मुलीला भुरळ घालतो. घरचे त्याला गवताचा दोर वळायला बसवतात. दोर वळणारा जसा लांब होत जातो तसा मागे मागे सरकतो. कवी असाच सरकत सरकत दाराबाहेर गेला की हे दार लावून घेतात. त्या कवीचं काम स्वतः हाइड यांनी केलं होतं. डॉक्टरेट झालेला चाळिशीचा गृहस्थ भाषेसाठी रंगमंचावर दोर वळतो आहे, हे मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त भावतं.

पुढचं थोडक्यात : १९०९ पासून विद्यापीठात आयरिशचे प्राध्यापक, १९१५ मध्ये लीगचा राजीनामा, १९२५ मध्ये काही महिने सिनेट (संसदेचं वरचं सभागृह), आणि १९३८ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. यावर प्रतिसादांत बोलूच.

सह्यकडा
वाचनखूण साठवली. दोराचा प्रसंग माहीत नव्हता, मस्त.

एक विचारतो. २२ वर्षं उभी केलेली संस्था माणूस असा कसा सोडतो? १९१५ मध्ये नेमकं काय झालं?

निशिगंध
@सह्यकडा, डंडॉकला लीगचं वार्षिक अधिवेशन होतं. स्वतंत्र आयर्लंड हेही लीगचं उद्दिष्ट असावं असा ठराव आला आणि मंजूर झाला. हाइड यांनी अध्यक्षपद सोडलं. लीगमध्ये सशस्त्र उठावाच्या तयारीतली मंडळी वाढत गेली होती. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे बहुतेक जण लीगमधूनच आलेले.

पुष्कळ लोक याला हाइड यांचा भित्रेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. भाषेच्या वर्गात राजनिष्ठ शेतकऱ्याचा मुलगा आणि क्रांतिकारकाचा मुलगा एका बाकावर बसतील ही जागा त्यांनी कष्टाने तयार केली होती. ठराव झाल्यावर त्या बाकावरून एक जण उठून जाणार हे त्यांना कळत होतं. पुढच्या शंभर वर्षांत, ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश ही एकाच राजकीय बाजूची भाषा कशी मानली गेली ते पाहिलं की त्यांची धास्ती खरी ठरली असंच म्हणावं लागतं.

कडूनिंब
लेख आवडला, पण लीग पक्षाची नव्हती म्हणून हाइड यांना ‘अराजकीय’ समजू नये. हाइड अराजकीय नव्हतेच. उदाहरणं देतो.

१८९९ मध्ये माध्यमिक शाळांत आयरिश असावी की नाही यावर सरकारी चौकशी झाली. ट्रिनिटीचे महॅफी आणि अ‍ॅटकिन्सन हे मोठे प्राध्यापक भाषेच्या विरोधात उतरले; तिच्यातलं साहित्य एकतर धार्मिक, नाहीतर भिकार किंवा अश्लील, असा सगळा सूर. हाइड यांनी काय केलं? युरोपभरच्या केल्टिक भाषांच्या अभ्यासकांना पत्रं धाडली आणि त्यांच्या साक्षी आणून आयोगापुढे ठेवल्या. आयरिश शाळेत टिकली. हे उत्तम राजकारण आहे.

दुसरं, १९०५-०६ चा अमेरिका दौरा. गावोगाव भाषणं, थिओडोर रूझवेल्ट यांची भेट आणि ६४ हजार डॉलरच्या आसपास निधी. एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, तेव्हा जमवलेल्यातले पाच हजार डॉलर तिथल्या मदतीला परत दिले. मन मोठं होतंच, शिवाय माणसं जोडायची जाणही होती.

तिसरं आणि सगळ्यात मोठं : नव्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आयरिश सक्तीची करायची मागणी. कॅथलिक बिशप विरोधात गेले. मेनूथच्या धर्मपीठातले आयरिशचे प्राध्यापक ओ’हिकी यांनी बिशपांवर जाहीर टीका केली म्हणून १९०९ मध्ये त्यांची नोकरी गेली. लीगने जिल्हा कौन्सिलांना हाताशी धरलं. सक्ती नाही तर शिष्यवृत्तीचे पैसे नाहीत, असा दबाव आणला. १९१० मध्ये विद्यापीठ झुकलं आणि १९१३ पासून सक्ती लागू झाली. बिशपांना नमवणं तेव्हाच्या आयर्लंडमध्ये भल्याभल्या पक्षांना जमलं नव्हतं. मग १९१५ मध्ये ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या माणसाला तरुण मुलांनी का ऐकावं?

निशिगंध
@कडूनिंब, विद्यापीठाचा मुद्दा बिनतोड आहे. पण भाषेसाठी सरकारशी, विद्यापीठाशी, चर्चशी भांडणं वेगळं आणि भाषा एका राजकीय ध्येयाच्या दावणीला बांधणं वेगळं. पहिल्यात भांडण संपलं की भाषा सगळ्यांची राहते. दुसऱ्यात ते ध्येय ज्याला मान्य नाही त्याला भाषाही परकी होते. हाइड यांनी ही रेघ आयुष्यभर सांभाळली, असं माझं म्हणणं.

पंचगंगा
मी शाळेत शिकवते, म्हणून सक्तीचं पुढे काय झालं ते जाणून घ्यायला आवडेल. आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी आली. कायदा आला याचा आनंद आहे, पण वर्गात काय घडतं ते मी रोज बघते. आयर्लंडने तर हा प्रयोग शंभर वर्षं केलाय.

लिफीकाठ
@पंचगंगा ताई, डब्लिनहून लिहितोय. १७ मार्च १९२२, सेंट पॅट्रिक्स डेपासून प्राथमिक शाळांत रोज किमान एक तास आयरिश सुरू झाली. पुढे शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये पास होणं सक्तीचं झालं. नापास तर अख्खी परीक्षा नापास. ही अट १९७३ मध्ये गेली. विषय मात्र आजही सक्तीचा आहे.

बाहेरून आलेल्या मुलांसाठी नियम असा, की बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालं असेल तर सूट मिळते. माझी मुलगी त्याहून लहान असताना आली, त्यामुळे तिला घ्यावीच लागली. पहिल्या काही दिवसांत घरी येऊन एकच वाक्य घोकत होती : ‘अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस?’ म्हणजे बाई, मी शू करायला जाऊ का? वर्गात हे आयरिशमध्ये विचारावं लागतं, म्हणून बाकी सगळं विसरलेल्या साठीच्या माणसालाही हे वाक्य पाठ असतं. लुआस ट्राममध्ये थांब्यांची नावं दोन्ही भाषांत पुकारतात, सरकारी पाट्या दोन्ही भाषांत. २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते असं सांगणारे १८ लाखांच्या वर आहेत. पण शाळेबाहेर रोज बोलणारे ७१,९६८. या दोन आकड्यांच्या मध्ये सक्तीची सगळी कहाणी येते. शाळेने भाषा देशभर पोचवली. घराघरात बोलती ठेवायला मात्र दुसरं काहीतरी लागतं.

कडूनिंब
तेच तर. आणि सत्ता कुणाच्या हातात होती? लीगच्याच लोकांच्या. मॅकनील १९२२ नंतरच्या स्वतंत्र आयरिश राज्याचे शिक्षणमंत्री. पुढे पंतप्रधान झालेले डी व्हॅलेरा लीगच्या वर्गात आयरिश शिकले, तिथल्याच शिक्षिकेशी त्यांचं लग्न झालं.

अर्नेस्ट ब्लाइद यांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. उत्तरेतल्या लिस्बर्नजवळचा प्रोटेस्टंट मुलगा. आयरिश शिकायची म्हणून नैर्ऋत्येच्या केरी परगण्यात जाऊन शेतावर गडी म्हणून राबला! पुढे अर्थमंत्री झाले. डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरला सरकारी अनुदान सुरू केलं, आयरिश पुस्तकं छापायला सरकारी प्रकाशन उभं केलं. आणि याच अर्थमंत्र्याने १९२४ मध्ये वृद्धांच्या पेन्शनमधून आठवड्याला एक शिलिंग कापला, दहाचे नऊ केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांत घर कशावर चालत होतं? म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर आणि परदेशातून येणाऱ्या पैशांवर. भाषा त्याच घरांत जिवंत होती. पुस्तकांना पैसे आणि बोलणाऱ्यांच्या ताटातला घास कमी, हे भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून झालं. मला ब्लाइद यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

सह्यकडा
हा शिलिंगचा मुद्दा डोक्यात राहणार. धन्यवाद.

जुना_वाचक
धागा उत्तम चाललाय. हाइड यांच्या निवडणुकीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो.

१९२५ च्या सुरुवातीला ते रिकाम्या जागेवर सिनेटमध्ये स्वीकृत झाले. त्याच सप्टेंबरात १९ जागांची निवडणूक झाली, अख्खा देश एकच मतदारसंघ. मतपत्रिकेवर ७६ नावं! हाइड पडले. घटस्फोटाच्या प्रश्नावर ते कॅथलिक मताच्या विरोधात आहेत अशी कुजबूज प्रचारात झाली, आणि प्रोटेस्टंट असणं नडलं. ज्यांना त्यांची भाषा परत मिळवून दिली त्यांनीच मतं दिली नाहीत. यावर त्यांनी कुठे आदळआपट केल्याचं माझ्या वाचनात नाही. परत जाऊन विद्यार्थ्यांना शिकवत राहिले, १९३२ पर्यंत.

१९३८ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांचा पक्ष आणि विरोधी फिन गेल पक्ष या दोघांनी एकमताने त्यांचंच नाव काढलं. स्वतंत्र राज्य आल्यावरच्या यादवी युद्धात एकमेकांचं रक्त सांडलेले हे दोन गट. ते ज्याच्या नावावर एकत्र येतील असा माणूस देशात शोधायला गेलं तर पक्षाचा डाग नसलेला हाच सापडला. निशिगंध यांचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो. १९१५ ला राजीनामा दिला नसता तर १९३८ ला हे शक्य नव्हतं.

निशिगंध
@जुना_वाचक, अगदी हेच लिहायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत.

डब्लिन कॅसलमध्ये त्यांनी पदाची प्रतिज्ञा आयरिशमध्ये घेतली, तीही रॉसकॉमनच्या आपल्या बोलीत. त्या भागात ती बोली आता कोणी बोलत नाही. तिची जी मोजकी ध्वनिमुद्रणं उरली आहेत त्यांत या प्रतिज्ञेचा समावेश होतो. म्हणजे राखणदार हार्ट आणि त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांची बोली देशाच्या सर्वोच्च पदावरून उच्चारली गेली आणि म्हणून ऐकायला उरली. माझ्या लेखी राष्ट्राध्यक्ष हाइड यांचं हे एक काम सगळ्या समारंभांहून मोठं आहे.

सह्यकडा
राष्ट्राध्यक्ष म्हणून काही केलं की नुसतं शोभेचं पद?

जुना_वाचक
शोभेचं नव्हतं. राज्यघटना नवीन होती, पद नवीन होतं, पायंडे त्यांनाच पाडायचे होते. विधेयकावर सही करण्याआधी ते घटनेत बसतं का हे सर्वोच्च न्यायालयाला विचारायचा अधिकार त्यांनी वापरला. १९४२ चं शाळा-हजेरीचं विधेयक असंच पाठवलं आणि न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. १९४० मध्ये पक्षाघात झाला, पुढची वर्षं चाकाच्या खुर्चीतून काम केलं. १९४४ मध्ये सरकार एका मतदानात हरलं आणि डी व्हॅलेरा रात्रीच विसर्जनाची शिफारस घेऊन आले, तेव्हाही नकाराचा अधिकार त्यांच्याकडे होता. विचार करून त्यांनी होकार दिला.

फुटबॉलचं प्रकरण तर सांगायलाच हवं. १३ नोव्हेंबर १९३८ ला ते डॅलीमाउंट पार्कवर आयर्लंड विरुद्ध पोलंड सामना बघायला गेले. राष्ट्राध्यक्ष म्हणून जाणं भागच होतं. गेलिक खेळांच्या संघटनेचे ते आश्रयदाते होते आणि संघटनेची ‘परक्या’ खेळांना हजर राहायला बंदी होती. पुढच्याच महिन्यात त्यांचं नाव काढून टाकलं. सगळ्या आयर्लंडला इंग्रजीपण उतरवा म्हणून सांगणाऱ्या माणसाला पुरेसा आयरिश नाही म्हणून काढलं!

आणि १२ जुलै १९४९ ला ते वारले तेव्हा सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमधल्या प्रार्थनेला कॅथलिक मंत्री आत गेले नाहीत. प्रोटेस्टंट प्रार्थनेला हजर राहायची त्यांच्या चर्चची परवानगी नव्हती. पंतप्रधानांसह मंत्रिमंडळ बाहेर मोटारींत बसून राहिलं. नोएल ब्राउन हे एक मंत्री तेवढे आत गेले.

पंचगंगा
हे वाचून फार वाईट वाटलं. ज्याने आयुष्यभर पंथ मध्ये आणला नाही, त्याला शेवटी पंथानेच बाहेर ठेवलं.

अंतरा_
वाचनमात्र होते, पण उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला काही वर्षं राहिलेय म्हणून लिहिते. हाइड यांची रेघ तिथे कशी पुसली गेली आणि तरी भाषेला जोर कसा आला, तेही बघायला हवं.

बेलफास्टमध्ये १९६९ च्या सुमारास काही जोडप्यांनी शॉज रोडवर स्वतः घरं बांधून आयरिश बोलणारी वस्ती केली. १९७१ मध्ये नऊ मुलांवर आपली शाळा काढली. सरकारी मान्यता १९८४ ला, तोवर सगळं वर्गणीवर. त्याच शहरातून मार्टीन ओ मिल्योर पुढे आले. भाषेचे कार्यकर्ते, वृत्तपत्रवाले, १९८७ पासून दहा वर्षं शिन फेन या अखंड आयर्लंड मागणाऱ्या पक्षाचे नगरसेवक. त्यांच्या वृत्तपत्रसमूहाने ‘ला’ हे आयरिश दैनिक १९९९ मध्ये हाती घेतलं. २००८ ला ते बंद पडलं. २०१३ ला ओ मिल्योर बेलफास्टचे लॉर्ड मेयर झाले. त्या ऑगस्टमध्ये एका बागेच्या उद्घाटनाला युनियनवादी (ब्रिटनशी जोडलेलं राहावं म्हणणाऱ्यांच्या) वस्तीत गेले तेव्हा जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. त्याच नोव्हेंबरात ते महायुद्धातल्या मृतांच्या ११ तारखेच्या स्मरणसमारंभाला हजर राहिले. त्यांच्या पक्षाच्या मेयरने असं आधी केलं नव्हतं. २०१६ ला उत्तर आयर्लंडचे अर्थमंत्री.

त्यांच्याच कार्यकाळात, डिसेंबर २०१६ मध्ये, गरीब मुलांना आयरिश शिकायला पाठवायचं ५० हजार पौंडांचं अनुदान दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याने बंद केलं. तो संताप रस्त्यावर उतरला, लाल कपड्यांतली हजारो माणसं मोर्चात आली. अनुदान जानेवारीत परत मिळालं, सरकार मात्र दुसऱ्या मोठ्या वादांपायी तोवर कोसळलं होतं. भाषेचा कायदा शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये झाला. कोर्टात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही हा १७३७ चा कायदा रद्द करायची तरतूदही त्यात होती. राजकारणाशिवाय हे झालं असतं असं मला वाटत नाही.

निशिगंध
@अंतरा_, फार मोलाचा प्रतिसाद. कायदा राजकारणानेच होतो, मान्य. पण शॉज रोडची नऊ मुलांची शाळा आधी, नगरसेवक नंतर, हा क्रमही बघा. तेरा वर्षं कोणी मान्यता देत नसताना आईबापांनी ती चालवली.

आणि ओ मिल्योर हल्ला झाल्यावरही युद्धस्मरणाला गेले, त्यात मला हाइड दिसतात. समोरच्याला आपली भाषा परकी वाटू नये म्हणून त्याच्या दारात जायचं.

लिफीकाठ
अवांतर, पण इथे शोभेल : लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा पहिल्या भाषणात आयरिशही बोलले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. हाइड यांची भाषा रक्ताने येत नाही, शिकून येते, हे त्या दिवशी डॉइलमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) सगळ्यांनी ऐकलं.

मालवणकर७
वराड आमच्या शेजारचाच गाव. २०१९ च्या डिसेंबरात ते घरच्यांसोबत इलेले, तेव्हा गावात काय गर्दी! त्यांका आयरिश येता ह्या आज कळला. बरा वाटला.

कडूनिंब
मी अजूनही म्हणेन की पेन्शनचा तो शिलिंग परत दिला असता तर शंभर पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त उपयोग झाला असता. पश्चिमेतली खेडी बोस्टन आणि लंडनला कामासाठी ओस पडली, तिथे शाळेतल्या एका तासाने काय होणार? १९६९ ला तिथल्याच तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ केली. रेडिओ हवा, रोजगार हवा अशा मागण्या. १९७२ मध्ये त्यांना रेडिओ मिळाला. बोलणाऱ्यांनी स्वतः मागितलं तेव्हा हललं.

निशिगंध
@कडूनिंब, यावर आपलं एकमत आहे. त्या १९६९ च्या चळवळीवर तुम्हीच वेगळा धागा काढा ना. रेडिओ सुरू व्हायच्या आधी त्यांनी परवानगीशिवाय स्वतःचं केंद्र चालवलं होतं, तिथून सुरुवात करता येईल. @अंतरा_, शॉज रोडच्या शाळेबद्दल तुम्ही सविस्तर लिहा. फी किती, शिक्षक कुठून आणले, घरं बांधायला पैसे कसे उभे केले, हे पंचगंगा ताईंसारख्या शिक्षकांना हवं असेल.

पंचगंगा
हो, नक्की हवंय. विशेषतः पहिल्या वर्षी पुस्तकं कुठली वापरली ते.